ओल्या इपॉक्सीवर लावलेले कुलूप

पोलीस स्टेशन, बीबी
दि. १९/११/२०२४

माझे नाव अनुपमा शालिग्राम वायाळ, वय ३४ वर्षे, धंदा – मासे धरण्याचे रॉड बनवणे, रा. बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी आई कौशल्याबाई व वडील शालिग्राम यांच्यासह राहते. थोरला भाऊ शेषराव लोणारला वेगळा राहतो. वडील पूर्वी शिवणकाम करत. नंतर धरणावर हौसेने गळ टाकायला येणाऱ्यांसाठी ते ऑर्डरप्रमाणे रॉड बनवू लागले. रॉडवर रंगीत दोऱ्याचे वेढे देऊन नक्षी उठवायची आणि तिच्यावर इपॉक्सीचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा, पारदर्शक थर द्यायचा, हे काम मी त्यांच्याकडूनच शिकले. उन्हाळ्यात वडिलांना लकवा झाला. उजवा हात चालत नाही. तेव्हापासून धंदा मी पाहते.

आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी वडिलांनी एका रॉडवर निळ्या-पांढऱ्या दोऱ्याची शंकरपाळ्यांची नक्षी पूर्ण केली होती. इपॉक्सी द्यायची राहिली होती. तो रॉड मी भिंतीला टांगून ठेवला. इतके महिने का ठेवला असे विचारले असता सांगते की, हात लावला नाही.

रविवारी दुपारी मी त्या नक्षीवर इपॉक्सी लावली व रॉड विजेच्या छोट्या मोटारीवर फिरता ठेवला. घट्ट होईपर्यंत रॉड फिरता राहिला नाही तर इपॉक्सी एका बाजूला ओघळते. तेवढ्यात शेषराव आला. त्याला ही आमची कामाची खोली सामान ठेवायला हवी आहे. तो म्हणाला, "बाबा आता काई काम करत नाहीत. खोली खाली कर." मी म्हणाले, "हे ओलं हाय दादा. वाळू दे, मंग बोलू." त्याने मोटारीचे बटण बंद केले, मला दंडाला धरून बाहेर काढले आणि सोबत आणलेले कुलूप लावले. मी किल्ली मागितली. न देता तो मोटरसायकलवर निघून गेला.

वडिलांची खाट शेजारच्या खोलीत असते. मोटारीचा आवाज त्यांना भिंतीतून ऐकू येतो. त्यांनी हाक मारून विचारले, "मोटार काऊन थांबली?" लाईट गेली, असे मी सांगितले. त्यांच्या डोक्यावरचा पंखा चालू होता.

सोमवारी सकाळी आईने वरवंट्याने कुलूप तोडले. इपॉक्सी ओघळून नक्षीच्या खालच्या अंगाला थेंब कडक झाले होते. गिऱ्हाइकाला असा रॉड देता येत नाही. वडिलांनी तो मागून घेतला, नक्षीवरून डाव्या हाताची बोटे फिरवली व म्हणाले, "काप."

मी म्हणाले, "राहू द्या बाबा. दुसरा करीन मी."

"काप म्हटलं ना. रॉड चांगला हाय. दोरा काय, अजून गुंडाळता येते."

मी ब्लेडने नक्षी कापली. कापलेला दोरा पाकिटात घालून तुटलेल्या कुलपासह हजर करत आहे. काम झाल्यावर पाकीट परत मिळावे. कुलूप नको.

मी तक्रार देणार हे कळल्यावर शेषरावने फोन केला, "घरातली गोष्ट ठाण्यात काऊन नेऊन राह्यली?" मी सांगितले, "कुलूप तू लावलं." आपसात मिटवता का असे विचारले असता, नाही. आई सोबत आली आहे. "माह्यं पोरगं हाय म्हणून मी गप बसणार नाही, मलेबी विचारा," असे तिचे म्हणणे असून तिचाही जबाब घ्यावा.

काल दुपारी आईने व मी वडिलांची खाट त्या कामाच्या खोलीत नेली. दोरा कुठे सैल पडतो ते वडील पडल्या पडल्या सांगतात. त्याच रॉडवर नवी नक्षी निम्मी झाली आहे. यापुढे खोली खाली करायची तर आधी बाबांची खाट उचलावी लागेल, हे शेषरावला बोलावून माझ्यासमोर सांगावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून ऐकवला. मी बोलले तेच यात उतरले आहे, म्हणून सही करते.