शेवटची फेरी चाकणला

...आणि वर मलाच विचारतात, "सोपानराव, कशी झाली हो रेस?" मला! अहो, ज्या माणसानं सहा गावांचं कॅलेंडर हलवून ती रेस चाकणला आणली त्यालाच विचारताय, कशी झाली? काय सांगू, कपाळ? कंपनीत विचारतात, दूधवाला विचारतो, परवा दाढी करताना न्हाव्यानं विचारलं, वस्तरा गळ्यावर ठेवून! मी म्हटलं, छान झाली. गळ्यावर वस्तरा असताना माणूस दुसरं काय सांगणार?

एक रजा, राव! एक रजा टाकली असती...

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. मी मूळचा परांड्याचा, पण चोवीस वर्षं झाली, चाकणच्या कंपनीत इंजिन टेस्टिंगला आहे, राहायला तळवड्यात. माझी पोरगी स्वरूपा मोटारसायकलच्या शर्यती खेळते. रस्त्यावरच्या नाही हो, घाबरू नका! मातीच्या ट्रॅकवरच्या, त्या उंचवट्यांवरून गाडीसकट उड्या मारतात ना, तसल्या. महिला गटात पाच वर्षं खेळतेय, घरात कप ठेवायला जागा नाही, एका कपात कस्तुरा, म्हणजे आमची मंडळी, चमचे ठेवते. आणि या पाच वर्षांत बापानं पाहिलेल्या शर्यती किती? शून्य! एकसुद्धा नाही!

का, तर शर्यत असते रविवारी. आणि आमच्या पट्ट्यात सुट्टी असते गुरुवारी. गुरुवारी लाईटचं शटडाऊन, म्हणून कंपन्या बंद, म्हणून सुट्टी. चोवीस वर्षं माझा रविवार गुरुवारीच उगवतो. तुम्ही म्हणाल, मग टाकायची की एक रजा! कस्तुरा पण हेच म्हणायची. पण माझी अकरा वर्षं सलग शंभर टक्के हजेरी, एक दांडी नाही! दर वर्षी बोर्डावर नाव लागतं, सायब हात मिळवतात, टाळ्या होतात. माझे सासरे वारले तेसुद्धा गुरुवारी वारले, भला माणूस! आता असला रेकॉर्ड मोडवतो का हो? पोरगी दर वेळी विचारायची, "पप्पा, येताय का?" मी म्हणायचो, "पुढच्या वेळी नक्की." कोल्हापूरच्या वेळी पुढच्या वेळी, नाशिकच्या वेळी पुढच्या वेळी... पाच वर्षं पुढच्याच वेळी!

आणि या सीझनच्या सुरुवातीला ती म्हणाली, "पप्पा, तिकडे तमिळनाडूत, होसूरच्या कंपनीत नोकरी लागली, टेस्ट रायडर. मार्चमध्ये जायचं. हा शेवटचा सीझन." एवढं बोलली आणि हेल्मेट पुसत बसली. येताय का, हे मात्र विचारलं नाही. ते न विचारणं मला फार लागलं हो.

शहाण्या माणसानं त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला असता. पण मी डोकं चालवलं! म्हटलं, आपल्याला शर्यतीला जाता येत नाही ना? मग शर्यतच आपल्याकडे आणू, आणि तीही गुरुवारी! एक रजा वाचवायला मी महाराष्ट्राचं कॅलेंडर हलवायला निघालो.

आता हे ठिकाण कसं निवडतात माहितीये? मला वाटायचं माती बघत असतील, चढउतार बघत असतील... कसलं काय! पिंपळे सौदागरला एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये त्या समितीची मीटिंग. सचिव कोण, तर निरंजन नावाचा तिशीतला पोरगा, समोर लॅपटॉप. सहा फेऱ्या, सहा गावं. अहो, पोरीचं लग्न जमवणं सोपं! एक म्हणतो, आमच्याकडे जानेवारीत नको, द्राक्षांचा हंगाम, माणूस मिळत नाही. दुसरा म्हणतो, त्या रविवारी आमच्या नगरसेवकाचा वाढदिवस, मैदान आधीच बुक. तिसऱ्याच्या गावात परीक्षा, चौथ्याच्या गावात यात्रा. हॉस्पिटल किती लांब? चाळीस टीमना हॉटेल आहे का? बायकांना संडास आहे का? मातीचं नाव कोण काढेल तर शपथ!

मी आपला गेनूचं रान घेऊन बसलेलो. गेनू माझा जुना जोडीदार, चाकणजवळचा शेतकरी, आधी माझ्याच लाईनवर होता. त्याचं चार एकर मुरमाड रान पडीक. फॉर्म भरला, त्यात लिहिलं होतं, 'सोयीच्या तीन तारखा'. मी भरल्या. निरंजननं वाचल्या, लॅपटॉपमध्ये बघितलं, परत वाचल्या.

"काका, या तिन्ही तारखा गुरुवारच्या आहेत."

"मग? सुट्टी नको का लोकांना?"

निरंजन अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, सुट्टी रविवारी असते." म्हटलं, "तुमच्याकडे असेल! आमच्याकडे पाच लाख माणूस गुरुवारी मोकळा असतो!" हसले हो सगळे, पण निरंजन चांगला पोरगा, म्हणाला, "तारखेचं नंतर बघू, आधी जागा पाहायला कधी येऊ?"

आणि मी म्हटलं... काय म्हटलं असेन? "गुरुवारी या!"

आले! चार जण, पांढरे बूट घालून. आणि गुरुवार म्हणजे लाईट बंद, लाईट बंद म्हणजे मोटार बंद, मोटार बंद म्हणजे रानावर पाण्याचा थेंब नाही. त्यात सुटलं वारं. मुरमाची ती लाल धूळ, चार माणसं गेली पांढरी आणि आली विटकरी. निरंजन खोकत म्हणाला, "पाणी मारायची काही सोय?" गेनू म्हणतो, "सोय हाय की! आठ दिस झालं रोज मारतोय. पन आज बेस्तरवार न्हवं का, आज लाईट न्हाई. कोन म्हनलं आज या?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. चार दिवसांनी मेल आला. 'धूळ रोखण्याची व्यवस्था नाही. क्षमस्व.'

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, जानेवारी गेला... पाच फेऱ्या झाल्या, पोरगी दर वेळी आईला घेऊन गेली, मी दर वेळी कामावर. एक रजा, राव! पाच रविवारांतला कुठलाही एक!

आणि फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला. शेवटच्या फेरीचं मैदान म्हणजे नुसता चिखल. निरंजननं दुसरं गाव विचारलं, नाही. तिसरं विचारलं, नाही. सात ठिकाणी नाही म्हणाले आणि मग माझा फोन वाजला. "काका, तुमच्या त्या मुरमात पाणी साचत नाही ना?" म्हणजे बघा, चाकण निवडलं नाही, चाकण उरलं! पण उरलं तर उरलं. तारीख मात्र रविवारची. आणि मी... टाकली! बारावं वर्ष पुरं व्हायला दीड महिना उरलेला असताना टाकली रजा! सुपरवायझर जयदीप अर्ज बघून उभाच राहिला, "काका, तब्येत बरी आहे ना?" घरी पोरीला सांगितलं. नुसती हसली, आणि जेवताना माझ्या ताटात तूप वाढलं. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, त्या तुपानं.

रविवार उजाडला. कस्तुरानं पांढरा शर्ट इस्त्री करून दिला, छातीवर हा मोठा बिल्ला, 'यजमान'! मोटार चालू, पाणी मारलेलं, गर्दी म्हणाल तर अख्खं खेडं लोटलेलं. महिला गट साडेअकराला. स्वरूपा गाडीवर बसली, हेल्मेटची काच खाली केली, मी दोरीच्या कडेला पहिली जागा धरली... आणि भोंग्यावर आवाज, "यजमानांनी ताबडतोब यावं."

काय झालं? तर नियम असा की मैदानात दोन रुग्णवाहिका उभ्या असल्याशिवाय झेंडा पडत नाही. एक आलेली. दुसरी कुठंय? दुसरी कुठं असणार, चाकणच्या चौकात! ट्रॅफिकमध्ये! निरंजन म्हणाला, "काका, अर्ध्या तासात नाही आली तर महिला गट रद्द." पोरीची शेवटची शर्यत, रद्द! गेनू म्हणाला, "आमी जातो." पण त्याला पाण्याची मोटार सोडता येईना. शेवटी मीच निघालो, आतल्या रस्त्यानं, गाडी दामटत.

चौकात बघतो तर रुग्णवाहिका दोन कंटेनरच्या मधे. गाडी कडेला टाकली, रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिलो, शिव्या दिल्या, शिव्या खाल्ल्या, एकाच्या पाया पडलो. निघाली फट! ड्रायव्हरला ओरडलो, "डावीकडून सरळ जा, झेंडे दिसतील!" सुटली बघा सुसाट. आणि मी वळून बघतो तर त्याच फटीत तिसरा कंटेनर घुसलेला, माझी गाडी पलीकडं, मी अलीकडं.

फोन वाजला. कस्तुरा. "अहो, कुठं हाय तुम्ही? पडला झेंडा!" म्हटलं, "फोन वर धर! वर धर नुसता!" तिनं धरला. तुम्हाला सांगतो, चोवीस वर्षं मी इंजिनं ऐकतोय. शंभर इंजिनांतलं एक वाजलं तरी डोळे मिटून सांगतो, टॅपेट सैल आहे. त्या चौकात एका कानात बोट घातलं, दुसऱ्याला फोन लावला, आणि बारा गाड्यांच्या त्या आवाजात माझ्या पोरीची गाडी कुठली, ते मला ओळखता येईना! कशी येणार? कधी ऐकलीच नव्हती. सहा चकरा. मग नुसता ओरडा. म्हटलं, "कोण आलं? अगं, कोण आलं?" कस्तुरा रडत होती, काही सांगेचना. मग भोंग्यावर ऐकलं, पहिली, स्वरूपा.

पोचलो तेव्हा बक्षीस वाटप चाललेलं. पोरीनं मला बघितलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "असू दे पप्पा. तुम्ही गेलात म्हणून झाली." असं म्हणाली हो. रागावली असती तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये गेली होसूरला. तिथं रोज गाड्या चालवते, पण बंद गेटच्या आत, बाहेरच्या माणसाला बघायची परवानगी नाही. मी विचारून बघितलं.

त्या दिवसाचा फोटो तेवढा आहे, बाहेरच्या खोलीत लावलाय. स्वरूपा, कस्तुरा, गेनू, निरंजन, पाणी मारूनसुद्धा झाडून सगळे डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं लाल, नुसते दात दिसतात. आणि मधे एकच माणूस, पांढराशुभ्र शर्ट, लाल धुळीचा एक ठिपकासुद्धा नाही. येणारा पाहुणा हटकून विचारतो, "हे मधले कोण हो? प्रमुख पाहुणे का?"

मी म्हणतो, हो.