सोपानरावांच्या घरचा मत्स्यावतार

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. जरा पुढं सरका, मागच्यांना बसू द्या — हां! तर प्रश्न असा. समोर सोपी वाट आहे, सरळ आहे, सावलीची आहे. तरी माणूस काट्यातूनच का जातो? सांगा! नाम घ्या म्हटलं तर म्हणतो, 'बुवा, एवढं सोपं? काहीतरी कडक व्रत सांगा ना!' अरे बाबा, सोपं तर करून दाखव आधी!

मनूराजाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. राजा नदीत उभा राहून तर्पण करतोय आणि ओंजळीत आला एवढासा मासा. 'राजा, मला सांभाळ!' राजानं तांब्यात ठेवला, तांब्या पुरेना. घागर पुरेना, तळं पुरेना, नदी पुरेना — शेवटी समुद्र! तेव्हा कळलं, हे साक्षात नारायण, आणि आता प्रलय येणार; होडी बांधायची, सप्तर्षींना बसवायचं आणि हिमालय गाठायचा. थोर गोष्ट आहे. पण रागावू नका, एक विचारतो. मासा घरी नेताना राजानं एवढं विचारायला नको होतं का — 'बाळा, मोठेपणी तू केवढा होणार?'

हसताय! राजाचं निभावलं हो, त्याच्या ओंजळीत खरा देव होता. आमच्या सोपानराव इंगोल्यांचं काय झालं ते ऐका.

माणदेशात शेरेवाडी म्हणून गाव. तिथं पाऊस येतो तो उंबऱ्यावरूनच माघारी जातो. नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना हाका मारून सांगतात, लग्नाचं आवतण द्यावं तसं. अशा गावात सोपानराव एसटी स्टँडवर नियंत्रक होते. गाड्या लावायच्या, गाड्या सोडायच्या, आणि दिवसभर माइकवर — 'प्रवासी मंडळींनी लक्ष द्यावे!' पुढं निवृत्त झाले. माइक स्टँडवर राहिला, आवाज तेवढा घरी आला! पहाटे उठले की, 'चंद्रकला! चहा ओसरीवर लागेल, कृपया विलंब करू नये!'

चंद्रकला म्हणजे बायको. सोशिक बाई. एकुलती लेक लग्न होऊन सुरतेला गेली आणि घर खायला उठलं. एक दिवस बाई म्हणाली, "अहो, घरात काहीतरी जिवंत आणा. हलणारं, डुलणारं... आणि न बोलणारं."

बायकांच्या बाजूनं जरा जास्तच हसू आलं हं!

"मासे आणा," म्हणाली. "काचेच्या पेटीत ठेवू. चार छोटे. कामं उरकली की बघत बसेन." एवढंच मागणं, मंडळी! सोनं नाही, नाणं नाही, काशी नाही, रामेश्वर नाही.

सोपानराव तालुक्याला गेले, रंगीत माशांच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "काका, पहिल्यांदाच ठेवताय? मग गप्पी न्या. नाहीतर मोली न्या. चिवट असतात, लवकर दगावत नाहीत. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवा, औषधाचा वास उडू द्या, मग मासे सोडा. खाणं चिमूटभर. संपलं!"

आता यात अवघड काय होतं? पण 'गप्पी' म्हटल्याबरोबर आमचे सोपानराव असे उसळले! "गप्पी? ते हिवतापवाले डास खायला हौदात सोडतात ते? सरकारी दवाखान्यात फुकट देतात ते? मी अख्खं स्टँड चालवलेला माणूस! माझ्या दिवाणखान्यात डास खाणारा मासा? लोक काय म्हणतील!"

लोक काय म्हणतील! अहो, लोकांना स्वतःच्या घरचं निस्तरून होईना, ते तुमच्या माशाला काय म्हणणार? पण नाही. नजर फिरवता फिरवता कोपऱ्यातल्या पेटीवर गेली. बोटाएवढा मासा, चांदीसारखा, तोंडाला मिश्या आणि चाल कशी — गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हर स्टँडवर फिरतो तशी. "हा कोण?"

"याला शार्क म्हणतात. पण काका, हा वाढतो बरं का."

"वाढू दे! इंगोल्यांच्या घरात खाण्यापिण्याची कमी नाही!"

झालं! शार्क घरी आला. चंद्रकलाबाईंनी वाकून बघितलं. "एकच?" म्हणाल्या. "आणि मिश्या कशाला याला?" पण नवऱ्याचा उत्साह बघून गप्प बसल्या. आपल्याकडच्या बायका अशाच गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं, पसंत पडलं.

मासा वाढायला लागला. आधी काचेचं गोल भांडं होतं, ते पुरेना. काचेची पेटी आणली, त्यात शेपूट वळेना. मग कपडे भिजवायचं घमेलं, मग पिंप, मग न्हाणीतला हौद! चंद्रकलाबाई आंघोळीला गेल्या की मासा मिश्या हलवत बघतोय. त्या माउलीनं शेजारणीकडं आंघोळी सुरू केल्या हो!

आणि एका सकाळी ते घडलं. सूर्याला अर्घ्य द्यायचं म्हणून सोपानराव तांब्या घेऊन हौदाशी वाकले. मासा वर आला. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. सोपानरावांच्या अंगावर सर्रकन काटा! भांडं, घमेलं, पिंप, हौद... वाढतोय, वाढतोय... अरे, ही तर मनूराजाची गोष्ट! "चंद्रकला! पळत ये! महाराज ॐ म्हणतायत!"

चंद्रकलाबाई आल्या, बघितलं. "भूक लागली असेल."

"तुला नाही कळायचं! साक्षात नारायण आलेत. प्रलय येणार!"

"कुठं?"

"शेरेवाडीत!"

ऐका मंडळी! ज्या गावात टँकर आला तर पोरं फटाके वाजवतात, त्या गावात प्रलय! पण भक्ती एकदा डोक्यात गेली की पंचांग बघत नाही. अंगणात प्यायच्या पाण्याची सिमेंटची टाकी होती. नारायण त्या टाकीत गेले. वर झेंडूची माळ. आणि गच्चीवर सोपानरावांनी होडी बांधायला घेतली! भंगारातला पत्रा, डांबराची पिंपं, जुन्या एसटीची बाकं. अहो, बाकांवर अजून अक्षरं होती, 'आमदारांसाठी राखीव'!

गावात बातमी फुटली. आधी लोक हसले. मग एक नारळ आला. मग दुसरा. मग जे हसले होते तेच हळूच येऊन विचारायला लागले, "सोपानराव, आमचं खिडकीकडं जमेल का?" सोपानरावांना काय, जुनी विद्या! गच्चीवरून पुकारा सुरू, "शेरेवाडी ते हिमालय, विनाथांबा! पहिली बाकं सप्तर्षींना राखीव! अपंग, वृद्ध आणि सरपंच यांनी पुढच्या दारानं चढावे!" माजी सरपंच रुसले. म्हणाले, "प्रलयात तरी आजी-माजी करू नका!"

चंद्रकलाबाईंनी विचारलं, "आणि मी?" सोपानराव म्हणाले, "तुला काय, घरचा पास! जागा असली तर बस, नाहीतर उभी राहा."

जागा असली तर! महादबा, पखवाजावर एक थाप मारा या वाक्यावर, म्हणजे ज्यांना लागायचं त्यांना लागेल. ही ओवी कुणा संताची नाही, माझीच मोडकीतोडकी आहे, म्हणा माझ्यामागं —

सोपे ते सांडोनी । अवघड धरी ।
पाणी नाही घरी । नाव बांधी ॥

पाणी नाही घरी! खरंच नव्हतं हो. टँकर यायचा, सगळं पाणी नारायणाच्या टाकीत जायचं. बाई घागर घेऊन दारोदार. आणि एक दिवस बाईला ताप भरला. फणफणून भरला. अंथरुणावरून हाक मारली, "अहो... घोटभर पाणी द्या."

माठ कोरडा. हंडा कोरडा. सोपानराव फुलपात्र घेऊन टाकीशी गेले. आत पाणी डचमळतंय. अर्थात, त्या पाण्यात नारायणानं आपला सगळा प्रपंच केलेला, ते काही पिण्याजोगं नव्हतं! पण सोपानरावांना अडचण ती नव्हती. त्यांना वाटलं, देवाच्या टाकीत फुलपात्र बुडवायचं कसं? उभे राहिले. विचार केला. आणि रिकामं फुलपात्र घेऊन परत आले. "थोडं थांब. महाराजांची आत्ता विश्रांतीची वेळ आहे."

बघा. गप्प झालात ना सगळे?

चंद्रकलाबाई भिंतीला धरून उठल्या, शेजारणीच्या घरी गेल्या. तिथं पाणी प्यायल्या आणि तिथूनच भावाला फोन लावला. "बजरंग, मला न्यायला ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी बजरंग टेम्पो घेऊन हजर. त्याची शेती पलीकडच्या गावात. "काय दाजी, अक्काला घेऊन चाललो," म्हणाला. सोपानराव गच्चीवर, हातात डांबराचा कुंचला. खाली बघतात तर ओसरीवर बॅग! लेकीला सासरी पोचवायला गेले तेव्हाची ती बॅग. प्रलयाची भीती वाटली नव्हती, मंडळी, बॅगेची वाटली. धडपडत खाली आले. "चंद्रकला, अगं प्रलय तोंडावर आलाय, आणि तू कुठं निघालीस?"

ती शांतपणे म्हणाली, "जिथं प्यायला पाणी आहे तिथं."

इकडं बजरंग टाकीत डोकावला. माळ बाजूला केली. आणि मोठ्यानं हसला. "दाजी, ह्यो तर पंगस! बाजारात खायला विकत्यात त्यो! माझ्या शेततळ्यात बख्खळ हायती!"

"जिभेला हाड आहे का तुझ्या!"

"चला तर माझ्यासंगं. दावतो."

नारायणांना पाण्याच्या पिंपात बसवलं. पुढं बजरंग आणि चंद्रकलाबाई. मागं उघड्या टेम्पोत सोपानराव, पिंपाला मिठी मारून! खड्डा आला की नारायण उसळायचे आणि सोपानराव आपोआप तीर्थात न्हायचे. रस्त्यानं लोक हात जोडतायत, आणि एक जण टेम्पोमागं पळतोय, "अहो, गाडी सुटली का? माझी खिडकी!"

शेताच्या कडेला बजरंगनं तळं खणलेलं, त्यात पाणी साठवून मासे पाळलेले. मनूराजानं समुद्रात सोडलं तसं सोपानरावांनी स्वतःच्या हातांनी नारायणांना तळ्यात सोडलं. हात जोडले. बजरंगनं मूठभर खाद्य भिरकावलं आणि पाणी उकळल्यासारखं झालं, मंडळी! हजारो मासे वर आले! सगळ्यांना मिश्या! सगळ्यांची तोंडं उघडतायत, मिटतायत, उघडतायत, मिटतायत — सगळे ॐ म्हणतायत! बजरंग म्हणाला, "निम्मे पुढच्या बाजारला जातील."

सोपानराव बघतच राहिले. त्या गर्दीत आपला नारायण शोधायला लागले. हा का? तो का? ओळखू येईना. ज्याच्यासाठी बायको तहानलेली ठेवली तो कुठला, हेच कळेना! मटकन बांधावर बसले. डोळ्याला धारा लागल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडणारा माणूस, घरची गाडी सुटताना बघत होता.

मग आवाज फुटला. तो माइकचा नव्हे, साधा माणसाचा आवाज. "चंद्रकला... तुला कुठले मासे पाहिजे होते गं?"

चंद्रकलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "एवढं विचारायला प्रलय यावा लागला का तुम्हाला?"

"चुकलं माझं."

"गप्पी," बाई म्हणाली. "छोटे. रंगीत शेपटीचे. आणि आधी टाकी धुऊन काढा, चांगली तीनदा. माझं पाणी भरा. मग बघू, येते की नाही ते."

'बघू' म्हणाली! 'येते' नाही म्हणाली! आणि नाही आली लगेच. सोपानराव घरी गेले, टाकीत उतरून स्वतः घासली. पाणी भरलं. माठ भरला. सरकारी दवाखान्यात जाऊन बरणीतून गप्पी आणले. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवलं, मग अलगद सोडले. खाणं चिमूटभर. तरी बाई येईना. रोज टेम्पोनं, नाहीतर एसटीनं हा माणूस सासुरवाडीला जाऊन सांगायचा, "आज एकाची शेपूट निळी दिसली." परत यायचा. एक दिवस म्हणाला, "एकीला पिल्लं झाली. पिल्लं आणि बारकं खाद्य, मला काही फरक कळेना. तू येऊन बघ." तेव्हा हसली आणि उठली.

आणि होडीचं काय? लोक सोडतायत होय! रोज दारात रांग, 'कधी सुटणार?' शेवटी सोपानरावांनी देवळाच्या कर्ण्यावरून सांगितलं, "प्रवासी मंडळींनी लक्ष द्यावे. शेरेवाडीचा प्रलय काही कारणास्तव रद्द करण्यात आला आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत!" माजी सरपंचांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

तर मंडळी, मासा देव नव्हता का? होता की! मी नाही म्हणत नाही. पंगसात देव आहे, मग गप्पीत नव्हता? तो तर दवाखान्यात बरणीत बसून वाट बघत होता, फुकट, चिमूटभर खाऊन राहायला तयार. आपल्याला तो चालला नाही, कारण तो सोपा होता. तुमचंही तेच चाललंय! मला नका सांगू. इथून उठाल आणि म्हणाल, उद्यापासून पहाटेची काकडआरती, निर्जळी उपास, पोथीची पारायणं... आणि घरात कुणी कण्हतंय त्याला म्हणाल, 'थांब जरा, माझं देवाचं चाललंय!' अरे, कुणाचं चाललंय? देवानं कधी सांगितलं, हिला तहानलेली ठेव म्हणून?

एक नाम घ्या. लहान घ्या. रोज घ्या. जगेल ते. आणि आता आरती होईल, पण ज्यांच्या घरी कुणी तापानं निजलंय त्यांनी आरतीला थांबू नका. उठा! खरंच उठा, लाजू नका, मी वाट सोडायला सांगतो. प्रसाद बांधून ठेवतो तुमचा. जा, आधी घरच्याला पाणी द्या.