सालोमनरावांची कडी

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. चर्चच्या दाराला कडी कशासाठी असते? बोला की! चोर येऊ नये म्हणून? अहो, आपल्या चर्चमधून चोर नेणार काय — ती फाटकी सतरंजी? हसा, हसा! पण प्रश्न सोडू नका. पुढं बसलेल्या बाळांनो, तुम्हीही विचार करा.

माळवाडीत आपल्यासारखंच एक प्रेस्बिटेरियन चर्च. मंडळीचा कारभार बघायला निवडलेले वडील, म्हणजे एल्डर, सालोमनराव आवळे. माणूस सोन्यासारखा — पण शिस्त म्हणजे शिस्त! प्रभुभोजनाच्या रविवारी उपदेश संपला, की बाप्तिस्मा न झालेले बाहेर जायचे आणि सालोमनराव कडी घालायचे. प्रभूच्या आठवणीचा द्राक्षरसाचा प्याला सगळ्या बाकांवर फिरून टेबलाशी परत येईपर्यंत ती निघायची नाही. बापापासूनची रीत!

चर्चसमोर ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या खोपी. चर्चचे नवे पाळक सालोमनरावांना म्हणाले, "काका, बाकं ओस पडलीत. आपणच खोपींवर जाऊ, पोरांचा वर्ग घेऊ."

"दार उघडंच आहे की!" काका म्हणाले. "ज्यांना यायचंय ते येतील."

झालं! विषय संपला.

आला प्रभुभोजनाचा रविवार. कडी लागली. चर्च शांत. प्याला निघाला... आणि दारावर धाड, धाड!

सालोमनराव दाराशी ताठ उभे. डोक्यावर भिंतीला चित्र कुठलं? दार ठोठावणाऱ्या प्रभूचं! रोज त्याची धूळ पुसायचे हो!

पुन्हा धाड, धाड! शेवटच्या बाकावरून त्यांची बायको रूथबाई कुजबुजली, "अहो, कुणीतरी आहे."

"टारगट पोरं. मागं दगड मारून पळाली नव्हती?"

"पोरं अशी रडत नाहीत!"

"प्याला अजून तिसऱ्या बाकावर आहे, रूथ."

तिसऱ्या बाकावर! मंडळी, त्यांना रडणं ऐकू येत नव्हतं का? येत होतं! हात कडीवर गेला — मागं आला. बाप काय म्हणाला असता? पुन्हा गेला.  आणि मग दाराच्या फटीतून आत आला... धूर.

कडी काढली! उंबऱ्यावर म्हातारी कौसाबाई, केस विस्कटलेले. "घंटा वाजीव, बाबा! खोप पेटली! माझी नात आत हाय! समदे फडात गेलेत!"

घंटेची दोरी कुठं? सालोमनरावांच्या खांद्याशी! पाळकांनी धावत येऊन ती ओढली. सालोमनरावांनी पायाखालची सतरंजी उचलली, दाराजवळच्या पाण्याच्या टाकीत बुडवली, अंगावर घेतली आणि पळत सुटले. खोपीच्या तोंडाशीच जाळ! रूथबाई ओरडली, "अहो!" — पण ते आत शिरलेसुद्धा.

पाचट तडतडतंय. घंटा वाजतेय. उसाच्या फडातून माणसं कोयते टाकून धावतायत. सालोमनराव दिसेनात...

बाहेर आले! सतरंजीत गुंडाळलेली तीन वर्षांची सारजा. जिवंत! पण पावलं भाजलेली.

कौसाबाईनं नातीला पोटाशी धरलं. सालोमनरावांकडं बघितलं. शिवी नाही, शाप नाही. एवढंच विचारलं, "लई वेळ दार बडीवलं, बाबा. आत कुनीच नव्हतं का?"

मंडळी, आत तर सगळे होते!

पुढच्या प्रभुभोजनाला सालोमनरावांनी कडी न घालता दार नुसतं ओढून घेतलं — आणि स्वतः बाहेर पायरीवर बसले. पाळक म्हणाले, "काका, आत या ना!"

"नको. इथून खोपी दिसतात."

शेजारी सारजा, पायांना पट्ट्या. तिच्याभोवती खोपींवरची पोरं; काका त्यांना गाणं शिकवतायत, आणि स्वतःच सूर चुकतायत! मग पाळकांनी काय केलं? प्याला उचलला, सगळ्या बाकांवरून फिरवला आणि शेवटी पायरीवर काकांपाशी आणला. त्या दिवसापासून माळवाडीचं शेवटचं बाक म्हणजे ती पायरी!

आता बाळांनो, कडी कशासाठी असते? ...वा! काढण्यासाठी! बघा, पोरांना कळलं.

मोठ्यांनो, आता तुम्ही. आपल्यासमोरच्या वीटभट्टीवर राहणाऱ्या एका माणसाचं नाव सांगा. एकाच! ...का हो, गप्प का? मी थांबतो. मला घाई नाही. पण समजा, आत्ता त्या दारावर थाप पडली आणि कुणी विचारलं, तर काय सांगू —

आत कुणी आहे का?