दीड जीबीचा वाघ

...घशाचं काय विचारता बाप्पा! बसला, पार बसला, पन तरी सांगतोच तुमाले, काहून का नाही सांगतलं तं माह्या हातून कोनाचा तरी मुडदा पडन!

पिकाची नोंद फोनवरून करा म्हने! आपल्याच वावरात उभं राहाचं, सोयाबीनचा फोटो काढाचा, पाठवाचा. नाही पाठवला तं सातबाऱ्यावर पीक नाही, अन् पीक नाही तं विमा नाही, भरपाई नाही, काईच नाही! दुपारी भाकर खाल्ली, फोटो काढला, बटन दाबलं... ‘तुमचा आजचा डेटा संपला आहे!’ अबे, संपला कसा? दीड जीबी! मी तं सकाळपासून निंदन करून राह्यलो!

दुसऱ्या दिवशी तेच! ‘तुमचा आजचा डेटा संपला आहे!’ घरी जाऊन बायकोवर ओरडलो, “माह्या फोनवर सिरियल पायतं का?” थे म्हने, “तुमचा फोन दिवसभर वावरात, मी का बुजगावनं हाव?” मग राह्यला कोन? शेजारचा रामधन! सदा धुऱ्यावर, दोघाइच्या वावरातल्या बांधावर, बसून रील पायते अन् दात काढते! गेलो कुऱ्हाडीचा दांडा घेऊन, “डेटा चोरतं बे?” असा हानला... तो वाकला, त्याचं मडकं फुटलं, अन् त्याच मडक्याची खापरी त्यानं माह्या कपाळावर हानली. हे पाहा टेंगूळ!

उजाडली शेवटची तारीख. पुतणी सुरभी यवतमाळले कॉलेजात शिकते, थे सकाळी नवालेच वावरात आली, फोनची सेटिंग उघडली. कोन्त्या ॲपनं किती डेटा खाल्ला, सारं लिवून असते म्हने! मी दांडा उचलला, “फक्त नाव सांग!”

“मोठेबाबा, वाघानं.”

आता वांदरं शेंगा खातेत म्हनून मी रोज सकाळी सहाले धुऱ्यावर स्पीकर ठेवतो, फोन जोडतो, वाघाच्या डरकाळीचा व्हिडिओ लावतो अन् निंदाले जातो. वाघ डरकाळते, वांदरं पयतेत. थ्यात डेटा जाते, हे मले कोनं सांगतलं? असा संताप आला, असा संताप आला... घातला दांडा स्पीकरवर! एक, दोन, तीन... चुरा!

“मोठेबाबा, फोडला काहून? व्हिडिओ एकदा डाउनलोड केला असता, तं रोज फुकट वाजला असता!”

हे आधी नाही सांगता येत पोट्टे!

वाघ चूप झाला, तशी वीस वांदरं धप् धप् वावरात! डेटा अजून थोडा उरला होता, पन नोंदीचं ॲप उघडता उघडता फोनवर चक्र फिरूनच राह्यलं! फोटोत पीक तं दिसाले पाहिजे ना? मंग काय, धुऱ्यावर चढलो अन् मीच डरकाळलो! “हाऽऽऊंऽऽ!”

झाली नोंद. डेटाही उरते आता. पन नवा स्पीकर दिवाळीनंतर, असं बायकोनं सांगतलं, तवापासून सकाळी सहा ते बारा धुऱ्यावर मीच.

आज दहालेच आवाज गेला. तोंड उघडलं, नुसती हवा! बायको भाकर घेऊन आली, माह्याकडं पाह्यलं, अन् वांदराइले म्हने, “या बाप्पा, तुमचा आजचा वाघ संपला आहे!”