आईशेजारची जागा

...नाही, मी म्हणतो, माणसाला पुरायचं म्हणजे खणावं लागणारच ना? की नुसतं वर ठेवून यायचं? तुम्हाला सांगतो, आमच्या गावात काय वाट्टेल ते करा, पण खणू नका. खणलं की जुने रोमन निघतात, आणि रोमन निघाले की सरकार काम बंद पाडतं. नळ दुरुस्त करायला जा, भिंत निघते. लिंबाचं झाड लावायला जा, रांजण निघतो. म्हणून इथला शहाणा माणूस काय करतो... इकडेतिकडे बघतो, माती लोटतो आणि जेवायला जातो. आमच्या बाबांनी, मासेमारी करणारा साधा माणूस, स्वयंपाकघराखाली अख्खं स्नानगृह गाडलंय.

तर बाबा गेले. मागणं एकच : "सावेरिओ, मला तुझ्या आईशेजारी ठेव. जागा राखलीय." गावभर भिंतींवर कागद लागले, दफन गुरुवारी चार वाजता. सकाळी गास्पारे खड्डा खणायला उतरला आणि... खण्ण. खाली रंगीत खड्यांची फरशी. गास्पारे मुरलेला गडी, चाळीस वर्षं कबरी खणतोय. म्हणाला, "मला काही दिसलं नाही. तुम्हाला दिसलं का?" म्हटलं, छे. तो माती लोटणार, तेवढ्यात आमची ओर्सोलाताई वाकली. फरशीत दाढीवाला चेहरा, भोवती मासे. झालं. ताई गुडघ्यांवर.

"संत आंद्रेया! कोळ्यांचे संत! बाबांना न्यायला स्वतः आलेत!"

म्हटलं, ताई, हळू बोल. ताई जन्मात कधी हळू बोललीय? तासाभरात अर्धं गाव, मेणबत्त्या, जपमाळा, मोबाईल. गुरुवारचे चार वाजले, पाच वाजले, बाबा तिकडे शवागारात. मी सांगत होतो, खणू नका म्हणून.

शुक्रवारी पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या, चष्मा पुसला, खाली बघितलं. "हे संत नाहीत. हा समुद्रदेव आहे. आता इथं कुणी हात लावायचा नाही."

ताई म्हणते, "मग मी कालपासून रडतेय कुणापुढे?"

मी म्हटलं, "बाई, माझे वडील थंडीत पडलेत हो."

"कळतं मला. पण हा इथं दोन हजार वर्षं आहे."

म्हणजे रांगेत त्याचा नंबर आधी!

बाबांना दफनभूमीच्या भिंतीतल्या कप्प्यात ठेवलं, चौथ्या ओळीत. फूल वाहायचं तर शिडी लागते. ताईचे गुडघे गेलेत, ती खालूनच ओरडून त्यांना घरच्या बातम्या सांगते... शेजारपाजारच्या सगळ्या मेलेल्यांना आता आमच्या सुनेचं सगळं माहीत आहे. आणि आईच्या कबरीभोवती दोरी. पर्यटक येतात, तिच्या दगडावर पाण्याच्या बाटल्या ठेवतात, वाकून त्या दाढीवाल्याचे फोटो काढतात.

या समुद्रानं बाबांची जाळी नेली, होडी नेली, धाकटा भाऊ नेला. बाबा म्हणायचे, जाऊ दे, बायको तरी माझी राहिली.

आता तिच्याशेजारीही तोच झोपलाय.