पाहुण्यांना फेब्रुवारीत बोलावलं

लिएपायाच्या बंदराकडे जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर मोठी जहाजं ओढून धक्क्याला लावणाऱ्या टगबोटीचा कप्तान आणि बंदराच्या कचेरीतली त्याची लेक बसली होती.

"एविया, कारखान्यासाठी बंदर बघायला येणाऱ्या जर्मनांना फेब्रुवारीत बोलावलंस? डोकं ठिकाणावर आहे का?"

"जूनमध्ये सगळीच बंदरं छान दिसतात, बाबा. आपलं पाणी गोठत नाही, हे थंडीतच दिसणार ना."

"वाऱ्याने टोप्या उडतील त्यांच्या."

"उडू देत. त्याच वाऱ्यात जहाजं आत येताना बघतील. कारखाना आला तर दादा आयर्लंडहून परत यायला तयार आहे."

"आणि नेमकं यंदाच गोठलं तर?"

"टगबोट घालून तुम्ही बर्फ फोडाल."

"मी नाताळात रिटायर होतोय."

"मार्चमध्ये होताय. तुमच्या साहेबांशी बोलून आलेय मी."