निवीचं लग्न होईपर्यंत

(मँचेस्टरचं पिकॅडिली स्टेशन, रविवारची दुपार. बाकावर रघुवीर आणि सुलक्षणा, दोघंही साठीतले. त्यांची इथेच वाढलेली मुलगी निवेदिता कॉफी आणायला गेली आहे.)

सुलक्षणा : नाही, आधी हिशोब होऊ दे. आजच्या जेवणातून तुम्हाला काय मिळणार होतं? एक जावई, एक संडे रोस्ट आणि चार तासांपुरती बायको.

रघुवीर : हळू बोल. निवी येईल.

सुलक्षणा : तिच्यापुढे अकरा माणसं आहेत. मोजलीत मी. आणि मला काय मिळणार होतं? फक्त जावई. रोस्ट मी खात नाही, आणि नवरा सहा वर्षांपूर्वी लीड्सला ठेवून आलेय.

रघुवीर : ठेवून म्हणजे? मी काय सूटकेस आहे?

सुलक्षणा : सूटकेस बरोबर नेली होती मी.

रघुवीर : हे बघ, आपलं ठरलं काय होतं? निवीचं लग्न होईपर्यंत कोणाला काही बोलायचं नाही. तू ग्लासगोच्या हॉस्पिटलात नोकरीला, मी लीड्सचं घर सांभाळतो. लग्नात दोघं शेजारी बसून कन्यादान करू, मग घटस्फोटाचा अर्ज. आज फक्त मुलाच्या आईवडिलांसमोर जोडप्यासारखं बसायचं होतं. तेवढंही तुला...

सुलक्षणा : बसले की. तुमच्या ताटातला यॉर्कशर पुडिंगचा तुकडा उचलून खाल्ला. त्याहून जास्त जोडपं काय असतं?

रघुवीर : तो मी शेवटी खायला ठेवला होता.

सुलक्षणा : माहिती होतं मला.

रघुवीर : आणि एवढं करून काय, तर समोरचं जोडपं जोडपंच नव्हतं.

सुलक्षणा : मी आपली एरिकच्या आईला विचारतेय, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली. कर्स्टिन म्हणते, चौदा. मी मनात वजाबाकी करतेय, मुलगा अडतीसचा आणि लग्न चौदा वर्षांचं, कसं काय? तर म्हणते, चौदा वर्षं टिकलं. दोन हजार तीनमध्ये घटस्फोट. आणि हे सांगत असताना एरिकचे बाबा तिला बटाटे वाढतायत.

रघुवीर : त्याची दुसरी बायको ग्रेव्ही देत होती.

सुलक्षणा : तिनं विणलेला स्वेटर कर्स्टिन घालून आली होती, सांगितलं का तुम्हाला? मी विहिणीसाठी म्हणून एक शाल आणली होती. निघाल्या दोन. शाल अजून पर्समध्येच आहे.

रघुवीर : मुळात ते लग्न तरी काय लग्न. तू टॉयलेटला गेली होतीस तेव्हा एरिकचे बाबा, बेंग्ट, सांगत होता. दहा वर्षं एकत्र राहिले, मूल झालं, लग्नाचं नाव नाही. तिकडे स्वीडनमध्ये कोणी विचारतही नव्हतं. मग सरकारनं जाहीर केलं, विधवांची पेन्शन बंद. बाई स्वतः कमावते, तेव्हा तिची पेन्शन तिची, नवऱ्याची नवऱ्याची. पण एकोणनव्वद साल संपायच्या आत जिचं लग्न झालेलं असेल, तिचा हक्क राहील. झालं. त्या डिसेंबरात सगळं स्वीडन रांगेत उभं. एका महिन्यात साठ हजारांवर लग्नं.

सुलक्षणा : काहीतरीच.

रघुवीर : मी टेबलाखाली फोनवर तपासलं. बरोबर आहे. हे दोघंही त्याच रांगेत. एरिक दोन वर्षांचा, बापाच्या खांद्यावर बसून आईबापाच्या लग्नाला हजर.

सुलक्षणा : मग घटस्फोट घेतल्यावर त्या पेन्शनीचं काय?

रघुवीर : गेली. नवरा मरेपर्यंत लग्न टिकलं तरच मिळते.

सुलक्षणा : म्हणजे जिच्यासाठी लग्न केलं, तीच सोडून दिली?

रघुवीर : मी विचारलं कर्स्टिनला. विचारायला नको होतं, पण विचारलं. म्हणाली, पेन्शन हवी तर बेंग्ट मरायची वाट बघत त्याच्याच घरात बसावं लागलं असतं. त्यापेक्षा तो जिवंत असलेला बरा, फक्त दुसऱ्या घरात.

सुलक्षणा : आवडली मला ही बाई.

रघुवीर : आवडणारच. पण आपलं काम तिथंच राहिलं ना. मला वाटलं, आज प्रथमच दोन्हीकडच्या आईवडिलांना एकत्र बोलावलंय, म्हणजे तारीख ठरेल. लग्नाचा विषयही कोणी काढला नाही.

सुलक्षणा : सात वर्षं झाली दोघांना एकत्र राहून. तुमच्या मराठी मंडळात अजून एरिकला निवीचा हाउसमेट म्हणतात.

रघुवीर : घरात राहतो, भाडं अर्धं देतो. खोटं काय त्यात?

सुलक्षणा : आपणच सांगून टाकू या का निवीला? आपल्याबद्दल. त्या लोकांना तर काहीच वाटणार नाही.

रघुवीर : त्यांना नाही वाटणार. पण ती म्हणेल, तीस वर्षांनी जर हेच होणार असेल, तर मला लग्नच नको. मग आयुष्यभर आपल्या डोक्याला ते. मला नाही धीर होत, सुलू.

सुलक्षणा : आलीच बघा ती.

निवेदिता : सॉरी, रांग मोठा होता. बाबा, तुमचं फ्लॅट व्हाइट. आई, चहा. तुझी ग्लासगोची ट्रेन सव्वापाचची आहे ना? वेळ आहे अजून.

रघुवीर : ग्लासगो कशाला? आई आज माझ्याबरोबर घरी येणार आहे. उद्या सकाळी जाईल.

निवेदिता : बाबा, प्लीज.

सुलक्षणा : अहो, हिला माहितीये वाटतं.

निवेदिता : पाच वर्ष झाले.

रघुवीर : कोणी सांगितलं तुला?

निवेदिता : कोणी नाही. दिवाळीला आई लीड्सला चहा करत होती आणि तिनी गाळणीसाठी चार ड्रॉअर उघडले. तुम्ही न बघता पाचवा उघडला. स्वतःच्या किचनमध्ये असा कोण शोधतो?

सुलक्षणा : यांनी जागा बदलली होती गाळणीची.

निवेदिता : एक्झॅक्टली.

रघुवीर : तेवढ्यावरून?

निवेदिता : नाही. मग तुम्ही गार्डनमध्ये अजयकाकाशी फोनवर बोलत होता. "निवीचं लग्न झालं की लगेच उरकून टाकू." विंडो ओपन होता. आधी मला वाटला, लॉफ्ट कन्व्हर्शन, वरच्या माळ्याची रूम. मग तुम्ही म्हटलं, सुलक्षणाही तयार आहे. आई लॉफ्टसाठी कधीच तयार नव्हती.

सुलक्षणा : आणि तू गप्प बसलीस?

निवेदिता : त्याच्या आधीच्या वीकेंडला एरिकनी मला विचारला होता. पीक डिस्ट्रिक्टमध्ये, पावसात, रिंग घेऊन. मी म्हटलं, दिवाळीला आईबाबांना सांगते, मग हो म्हणते. आणि मग ते फोन ऐकला. मी हो म्हटलं की तुमचा डेट फिक्स. मी साइन केला की तुम्ही साइन करणार. म्हणून मी एरिकला म्हटलं, नंतर बघू.

रघुवीर : पाच वर्षं?

निवेदिता : मी मॅरिड नाही तोपर्यंत तुम्ही मॅरिड. असा माझा कॅल्क्युलेशन होता.

सुलक्षणा : आणि आमचं, तुझं झाल्याशिवाय आमचं नाही. घ्या. दोन्हीकडून दार धरून उभे.

रघुवीर : मग आजचं जेवण कशासाठी?

निवेदिता : कर्स्टिनची आयडिया. ख्रिसमसला मी तिच्यासमोर रडले, सगळं सांगितला. ती म्हणाली, तुझ्या आईबाबांना माझ्यासमोर बसव. लेक्चर नको. आम्ही नेहमीसारखे जेवू, त्यांना फक्त बघू दे.

रघुवीर : तुला राग नाही आला आमचा?

निवेदिता : पहिलं वर्ष खूप आला. मग एक वीकेंड लीड्स, एक वीकेंड ग्लासगो, असा करताना बघितला. बाबा, तुम्ही तुमच्या टोमॅटोंबद्दल बोलता. आधी तुम्ही घरात काहीच बोलत नव्हता. आणि आई ग्लासगोमध्ये भाजी चिरताना गाते. लीड्समध्ये मी कधीच ऐकला नव्हता.

रघुवीर : गातेस तू?

सुलक्षणा : गुणगुणते.

रघुवीर : बरं आहे. चांगलं आहे.

निवेदिता : मला आता तुम्हाला धरून ठेवायचा नाही. पण हे तुम्ही दोघांनी सांगावं, असा वाटत होता. म्हणून थांबले.

सुलक्षणा : सांगतो. आम्ही वेगळे झालोय. भांडण नाही. हे माणूस म्हणून चांगले आहेत, फक्त मला रोज लागत नाहीत. सांगा हो तुम्हीपण.

रघुवीर : तत्त्वतः मी सहमत आहे.

सुलक्षणा : हे असं. तीस वर्षं हे असं.

रघुवीर : आता कायदाही सोपा झालाय, निवी. दोघांनी मिळून ऑनलाइन अर्ज करायचा. चूक कोणाची ते लिहावं लागत नाही. वीस आठवडे थांबायचं, मग आणखी सहा.

सुलक्षणा : सगळं वाचून ठेवलंय वाटतं. चूक लिहायचीच नाही, म्हणजे माझी अर्धी मजा गेली.

रघुवीर : पण कन्यादानाचं काय? त्याला जोडपं लागतं.

निवेदिता : मला कोणी दान नको करू. दोघांनी यायचं, पाहिजे तिथे बसायचं. शेजारी पण चालेल.

सुलक्षणा : यांच्या शेजारी बसायला माझी हरकत कधीच नव्हती. उठून एकाच घरी जायची होती.

निवेदिता : मग मी एरिकला फोन करू? तो त्यांना एअरपोर्टला सोडायला गेलाय. तिघं पण असतील गाडीत.

रघुवीर : काय सांगणार आहेस?

निवेदिता : हो म्हणून. एवढंच. जरा तिकडे जाऊन बोलते, इथे मला रडू येईल.

सुलक्षणा : जा. आणि सांग, शाल द्यायची राहिलीये, दुसरीपण पाठवते.

रघुवीर : हुश्श. किती दिवसांनी नीट श्वास घेतोय असं वाटतंय.

सुलक्षणा : मलाही. तिला भेटायचं म्हटलं की काय बोलायचं नाही याची यादी करावी लागायची. आता नाही लागणार.

रघुवीर : तरी सहा वर्षं वाया गेली म्हणायची आपली.

सुलक्षणा : आपली? तुम्हाला शांत घर मिळालं, मला ग्लासगो. मंडळात अब्रू राहिली. वर्षातून एक दिवाळी आणि एक पाडवा शेजारी उभं राहून फोटो काढले, बाकी दिवस मजेत. यात आपलं काय गेलं, सांगा.

रघुवीर : आपण तर म्हणत होतो, पोरीसाठी सोसतोय.

सुलक्षणा : म्हणत होतो खरं. बघा ना तिकडे, कशी हसतेय. तिशीची आता पस्तिशी आली. पाच वर्षं हो म्हणायचं होतं तिला.

रघुवीर : म्हणजे आपण काहीच सोसलं...

सुलक्षणा : काहीच नाही. सगळं बिल तिनं भरलं. थोडं एरिकनं.